मनोऱ्यांच्या घरातला हिशेब

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कला लागून, १०६व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर लाल विटांची, जाडजूड गोल बुरुजांची एक इमारत उभी आहे. हे बुरूज नुसते शोभेचे नाहीत. १८८७ साली इथे कर्करोगाचं रुग्णालय सुरू झालं. खोलीच्या कोपऱ्यांत जंतू साठतात, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून रुग्णांच्या दालनांना कोपरेच ठेवले नाहीत. रुग्णाच्या श्वासासाठी भिंती वळवणारी ही वास्तू पुढे टॉवर्स नर्सिंग होम झाली आणि तिथल्या वृद्धांना हिवाळ्यात पुरेशी ऊबही मिळेना. उंदीर-किडे, अस्वच्छता, मारहाण अशा तक्रारींची चौकशी होऊन १९७४ मध्ये ते बंद पडलं.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टरांचं छोटं खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेत त्याचा अर्थ वेगळा. अंथरुणाला खिळलेली, स्मृती हरवलेली माणसं तिथे महिनोन्महिने, पुष्कळदा अखेरपर्यंत राहतात. आज अशी जवळपास १५,००० घरं आहेत आणि त्यांतली सुमारे ७० टक्के नफ्यासाठी चालतात.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की या धंद्याचं बी एका भल्या हेतूच्या कायद्याने पेरलं. निराधारांसाठी चालणाऱ्या सरकारी 'पुअरहाऊस'ची इतकी बदनामी झाली होती, की १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने सरकारी संस्थेत राहणाऱ्या वृद्धांना मदत द्यायचीच नाही असं ठरवलं. म्हातारी माणसं मग या मदतीचा दरमहाचा पैसा घेऊन खासगी घरांच्या दाराशी आली. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना आल्या आणि त्या दारातून सरकारी पैशाचा लोंढाच आत शिरला. शेअर बाजाराला लगेच वास लागला. ओक्लाहोमातल्या फोर सीझन्स नर्सिंग सेंटर्स या कंपनीचे शेअर गगनाला भिडले. १९७० मध्ये तिचं दिवाळं वाजलं, आणि संस्थापकाने पुढे फसवणुकीचा गुन्हा कबूल केला.

टॉवर्सचा मालक बर्नार्ड बर्गमन. त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या कारभाराची लक्तरं १९७४-७५ मध्ये वेशीवर टांगली गेली. न्यूयॉर्कमध्ये मेडिकेडचा दर खर्चावर ठरे आणि त्या खर्चात इमारतही धरली जाई. त्यामुळे ओळखीपाळखीतच इमारत विकायची, कागदावर किंमत फुगवायची आणि वाढलेला खर्च सरकारकडून वसूल करायचा, हा राजरोस मार्ग झाला. बर्गमनने १९७६ मध्ये गुन्हा कबूल केला. केंद्रीय न्यायालयाने चार महिन्यांची कैद दिली, तेव्हा लोक संतापले. संतापणारच.

नफा नेमका कुठून निघतो, हे पाहायचं तर एका खाटेजवळ उभं राहावं. ज्याला स्वतः वळता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. दोघी मदतनीस दोन बाजूंनी चादर धरतात, अंग अलगद उचलतात, पाठीमागे उशी सारतात, टाचा गादीवरून वर घेतात. काम पाच-दहा मिनिटांचं, पण ते रात्रीही करायचं असतं. एक पाळी चुकली तर त्वचा लाल होते. चुकतच गेली तर शय्याव्रण थेट हाडापर्यंत पोचतो. नर्सिंग होमचा सर्वांत मोठा खर्च पगाराचा. म्हणून बचत करायची ठरली की पहिली कात्री या हातांनाच लागते.

नर्सिंग होमविषयीच्या १९८७ च्या केंद्रीय कायद्याने रुग्णाला खुर्चीला बांधून ठेवण्यावर बंधनं आणली, मदतनिसांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. सुधारणा खरी होती. पण प्रत्येक रुग्णामागे किती हात हवेत, तो आकडा कायद्यात आलाच नाही.

इमारतीचा खेळही थांबला नाही. तो कायदेशीर आणि अवाढव्य झाला. कार्लाइल या गुंतवणूक कंपनीने २००७ मध्ये मॅनॉरकेअर ही देशातली एक मोठी साखळी सुमारे ६ अब्ज डॉलरना घेतली. २०११ मध्ये तिच्या इमारती जवळपास तेवढ्याच रकमेला विकल्या गेल्या. जी घरं कालपर्यंत स्वतःची होती, त्यांचंच भाडं मॅनॉरकेअर भरू लागली. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत गेली.

सगळेच खासगी मालक वाईट असतात, असं कुणी म्हणू नये. पण २००९ मध्ये ८२ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातल्या ४० अभ्यासांत काळजीचा दर्जा ना-नफा घरांत सरस दिसला. नफ्यावाल्यांच्या बाजूने फक्त ३ होते. २०२१ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी आणखी गंभीर गोष्ट मांडली: खासगी गुंतवणूक कंपन्यांनी घेतलेल्या घरांत अल्पकाळासाठी आलेल्या मेडिकेअर रुग्णांचे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी वाढले होते.

१९८७ मध्ये राहून गेलेला आकडा अखेर एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियमात घातला: दर रुग्णामागे दिवसाला किमान ३.४८ तास परिचर्या, आणि चोवीस तास एक नोंदणीकृत परिचारिका हजर. नर्सिंग होमवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. माणसं मिळत नाहीत आणि पैसा पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एप्रिल २०२५ मध्ये, हे तास कुठल्याही खाटेपर्यंत पोचण्याआधीच, टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने तो नियम रद्द केला.