टीबीच्या झटपट तपासणीची परीक्षा कशी झाली?

"सीबीनॅट निगेटिव्ह आलंय, म्हणजे टीबी नाही ना?" हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. त्याचं उत्तर या तपासणीच्या इतिहासातच आहे, म्हणून आज थोडं मागे जाऊ.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं आपली मुख्य तपासणी एकच होती. बेडका काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. स्वस्त आणि सोपी पद्धत. पण एक मिलिलिटर बेडक्यात साधारण ५,००० ते १०,००० जंतू असले तरच ते नजरेला पडतात. कल्चरमध्ये थोडे जंतूही वाढतात, मात्र रिपोर्टला दोन ते आठ आठवडे लागतात. तोवर रुग्ण खोकतच असतो, आणि घरातली मुलं शेजारीच झोपलेली असतात.

सीबीनॅटने हे काम दोन तासांच्या आत आणलं. बेडक्यावर प्रक्रिया करून तो एका बंद कार्ट्रिजमध्ये घालतात. पुढे यंत्र जंतूचा डीएनए शोधतं आणि रिफाम्पिसिन हे महत्त्वाचं औषध चालेल का, तेही सांगतं.

पण यंत्र म्हणतं ते खरं कशावरून? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिमा, बाकू, केपटाउन, डरबन आणि आपल्या मुंबईतल्या १,७३० संशयित रुग्णांची तपासणी झाली होती. मोजपट्टी होती जुन्या कल्चरची. काचपट्टीवर जंतू दिसलेल्या रुग्णांपैकी ९८ टक्के यंत्राने एकाच तपासणीत पकडले. टीबी नसलेल्या ६०९ जणांपैकी ६०४ जणांना त्याने बरोबर 'नाही' म्हटलं. खरी कसोटी पुढची होती. १७१ जणांच्या काचपट्टीवर काहीच दिसलं नव्हतं, पण कल्चरमध्ये टीबी निघाला. त्यांतले एका तपासणीत सापडले १२४. उरलेल्या ४७ जणांच्या हाती निगेटिव्ह रिपोर्ट आला असता, आणि त्यांना टीबी होता. तीन तपासण्या केल्यावर हे प्रमाण ७२ वरून ९० टक्क्यांवर गेलं. म्हणूनच रिपोर्ट निगेटिव्ह असूनही खोकला, ताप आणि वजन घटणं चालूच असेल, तर डॉक्टर पुन्हा बेडका मागतात, एक्स-रे काढतात, कल्चरला पाठवतात. ते उगाच खर्चात पाडत नाहीत.

डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या तपासणीला मान्यता दिली. त्याच काळात टीबीसाठी रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी आपल्याकडे सर्रास चालायची. रक्त देणं सोपं, बेडका काढणं किळसवाणं, त्यामुळे लोकांनाही ती बरी वाटे. तिची परीक्षा घेतली तेव्हा ती सपशेल नापास झाली. संघटनेने २०११ मध्ये तिच्याविरुद्ध शिफारस केली आणि २०१२ मध्ये भारत सरकारने तिच्यावर बंदी घातली.

पुढे २०१७ मध्ये जास्त संवेदनशील 'अल्ट्रा' कार्ट्रिज आलं. २०२० मध्ये गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या ट्रूनॅटलाही संघटनेची मान्यता मिळाली. संवेदनशीलता वाढल्यावर एक नवी अडचण आली. पूर्वी टीबी होऊन गेलेल्या माणसाच्या छातीतल्या मेलेल्या जंतूंचा डीएनएही कधीकधी पॉझिटिव्ह दाखवतो. तेव्हा दहा वर्षांपूर्वी का होईना, टीबीच्या गोळ्या घेतल्या असतील तर तपासणीआधीच डॉक्टरांना सांगा. आणि डबीत नुसती लाळ देऊ नका, छातीतून खोकून काढलेला बेडका द्या.