मुंबईचं जहाज, हार्टलपूलचा धक्का

आज इतिहासाच्या आधी थोडं घरचं सांगतो.

माझे आजोबा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात सुतार होते. घरात आम्ही त्याला नुसतं ‘गोदी’ म्हणायचो. फोर्टात गेलो की ते लांबूनच लायन गेट दाखवायचे. म्हणायचे, ‘आत आमचं वर्कशॉप.’ बस, एवढंच. नौदलाची जागा, आत कोण सोडणार? ती गोदी मी आजतागायत पाहिलेली नाही.

पण तिथे बांधलेलं एक जहाज मी पाहिलं. इंग्लंडमध्ये, तेही तिकीट काढून!

कामानिमित्त मी सध्या न्यूकॅसलला असतो. तिथून समुद्राच्या कडेकडेने ट्रेन हार्टलपूलला जाते. (नेपोलियनच्या काळात इथल्या लोकांनी एका माकडाला फ्रेंच हेर समजून फाशी दिलं, अशी दंतकथा आहे. गावाला अजून त्यावरून चिडवतात.) तिथल्या जुन्या गोदीत आता म्युझियम आहे आणि मधोमध पाण्यावर उभं आहे ‘त्रिंकोमाली’. ब्रिटनमधली अजूनही तरंगणारी ही सर्वांत जुनी युद्धनौका. जन्मगाव मुंबई. जन्मतारीख १२ ऑक्टोबर १८१७.

आता प्रश्न असा, की इंग्रजांनी आपलं जहाज मुंबईत का बांधून घेतलं? एक तर युद्धांमुळे त्यांच्याकडे ओकचा तुटवडा होता. दुसरं, आपलं सागवान. ओकमधल्या आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात, सागवानातल्या तेलामुळे ते टिकतात. त्रिंकोमालीसाठी साग मलबारातून आला. तिसरं कारण म्हणजे मुंबईची भरती-ओहोटी. भरतीला जहाज कोरड्या गोदीत घ्यायचं, दरवाजे लावायचे आणि ओहोटीबरोबर पाणी सोडून द्यायचं. अर्धं काम समुद्रच करतो. आणि चौथं, वाडिया. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले. त्यांच्याच घराण्यातल्या जमशेटजी बमनजींनी हे जहाज बांधलं. १८४२ मध्ये ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर चीनने हाँगकाँग देऊन टाकणारा नानकिंगचा तह केला, तेही जमशेटजींचंच.

माझ्यातल्या इंजिनिअरला आवडलेली गोष्ट वेगळीच. त्रिंकोमालीचे नकाशे ज्या ‘जावा’ जहाजातून येत होते, ते १८१२ मध्ये अमेरिकनांनी ब्राझीलजवळ पकडलं. नकाशे गेले. मग इंग्लंडहून दुसरी प्रत पाठवावी लागली. बॅकअप होता म्हणून निभावलं! पुढची गंमत तर आपल्याच ऑफिसातली वाटेल. जहाज १८१९ मध्ये इंग्लंडला पोचलं तेव्हा युद्ध कधीच संपलेलं होतं. एवढं सुंदर काम झालं आणि डिप्लॉयच नाही! पंचवीसएक वर्षं ते नुसतं राखीव पडून होतं. नंतर नोकरी केली, तरी मोठी लढाई कधी वाट्याला आली नाही. कदाचित म्हणूनच वाचलं. १८९७ मध्ये तर भंगारात निघालं होतं. जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या माणसाने ते विकत घेतलं आणि मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी वापरलं. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आलं.

तोवर हार्टलपूलचे स्वतःचे जहाज-कारखाने बंद पडून पंचवीस वर्षं झाली होती. पण त्या गावातल्या कारागिरांनी २००१ पर्यंत खपून हे जहाज उभं केलं. निम्म्याहून जास्त लाकूड अजून मूळचं, म्हणजे मुंबईत तासलेलं आहे. जमशेटजींचं नाव तिथे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्यांनी प्रत्यक्ष वाकस चालवली त्यांचं नाव मला कुठे दिसलं नाही.

खालच्या मजल्यावर छत इतकं ठेंगणं की मी दोनदा डोकं आपटून घेतलं. तिथूनच आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. मी मोठ्या उत्साहाने तोफा दाखवत होतो.

‘तोफा राहू दे रे,’ ते म्हणाले. ‘तो वरचा बहाल बाजूच्या लाकडाला कसा बसवलाय ते दाखव.’

मी मोबाईल सांध्याजवळ नेला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाले, ‘हात लाव बघू. फट लागते का?’

लागत नव्हती.