पांडुरंग खानखोजे आणि ज्ञानाच्या परतीची वाट : कुशल स्थलांतराचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शिकलेला माणूस देश सोडून गेला म्हणजे देशाचे नेमके काय जाते, आणि तो परत आला म्हणजे नेमके काय परत येते, हा प्रश्न आधुनिक भारताच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९६३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या परदेशगमनासंबंधी अहवाल प्रसिद्ध केला. त्यावरील चर्चेतून 'ब्रेन ड्रेन' ही संज्ञा रूढ झाली. मराठीत तिला आपण बुद्धिगळती म्हणतो. 'गळती' या शब्दात जे गेले ते कायमचे गेले, असे एक गृहीत दडलेले आहे. पुढील काळात या गृहीताला छेद देणारे प्रयत्न झाले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९७७ साली परदेशस्थ तज्ज्ञांना अल्पकाळासाठी मायदेशी आणण्याची 'टोकटेन' योजना सुरू केली. कोलंबियाने १९९१ साली 'रेद काल्दास' हे परदेशस्थ संशोधकांचे जाळे उभारले, तर दक्षिण आफ्रिकेने १९९८ साली त्याच धर्तीचा उपक्रम हाती घेतला. माणूस परतला नाही तरी त्याचे ज्ञान परतू शकते, आणि त्यासाठी ज्ञानाचे जाळे विणावे लागते, हा या सर्व प्रयत्नांमागील विचार होय.

प्रस्तुत लेखात हा विचार त्याहून जुन्या अशा एका उदाहरणावर तपासून पाहावयाचा आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव महाराष्ट्रात प्रामुख्याने गदर चळवळीच्या संदर्भात घेतले जाते. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग मेक्सिकोत शेतीशास्त्र शिकविण्यात व मक्यावर संशोधन करण्यात गेला. त्या ज्ञानाचे मायदेशी काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

स्वदेशी आणि परदेशी शिक्षण :

परदेशी जाऊन तंत्रविद्या संपादन करावी व ती देशात आणावी, हा विचार महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच रुजला होता. पुण्याचे केशव मल्हार भट हे १८८२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकावयास गेले होते. १९०४ साली कलकत्त्यात भारतीयांच्या वैज्ञानिक व औद्योगिक शिक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थेने अनेक विद्यार्थ्यांना जपान, अमेरिका व युरोपात पाठविले. स्वदेशीच्या चळवळीने या विचारास राजकीय बळ दिले.

या काळातील एक उदाहरण येथे विशेष महत्त्वाचे आहे. जपान व अमेरिकेत काचविद्या शिकून परतलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तर हिंदुस्थानातील गृहस्थ तळेगावच्या पैसाफंड काच कारखान्यात काम करू लागले. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा मागून उभारलेल्या निधीतून आणि लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने १९०८ साली हा कारखाना उभा राहिला होता. तेथे काच तयार होत असे, त्याचप्रमाणे काच तयार करणारे कारागीरही तयार होत असत. परदेशातून आणलेल्या विद्येला बसावयास ठिकाण मिळाले आणि ती एका माणसाकडून अनेकांकडे गेली, हे या उदाहरणाचे मर्म होय.

पहिले जाळे : विद्यार्थी आणि मजूर :

टिळकांच्या विचारांनी प्रभावित झालेले खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेत पोहोचले. तेथे त्यांनी लष्करी शिक्षण घेतले आणि पुढे ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत शेतीशास्त्राचा अभ्यास केला. पॅसिफिक किनाऱ्यावर त्या वेळी लाकूड गिरण्यांत, रेल्वेमार्गावर आणि शेतमळ्यांत राबणारे पंजाबी मजूर मोठ्या संख्येने होते. शिकलेला तरुण आणि अल्पशिक्षित मजूर यांची गाठ या प्रदेशात पडली. १९१३ साली स्थापन झालेला गदर पक्ष हे या भेटीचे फलित होय. सोहनसिंग भाकना हे स्वतः मजुरी केलेले होते, तर लाला हरदयाळ हे विद्वान. खानखोजे या दोहोंच्या मधले होते.

आजच्या परिभाषेत गदर पक्षास स्थलांतरितांचे जाळे म्हणता येईल. 'गदर' पत्राच्या प्रती अनेक देशांतील हिंदी वस्त्यांत पोहोचत. मात्र या जाळ्यातून वाहत होते ते राजकारण. खानखोजे यांनी संपादन केलेले शेतीशास्त्र त्या प्रवाहात शिरू शकले नाही, कारण ज्या सरकारविरुद्ध लढा होता त्याच सरकारच्या हाती हिंदुस्थानातील शेतीखाते, प्रयोगक्षेत्रे व महाविद्यालये होती.

पहिल्या महायुद्धात खानखोजे इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले. युद्धानंतर बर्लिन आणि १९२१ साली मॉस्को असा त्यांचा प्रवास झाला. हिंदुस्थानचे दार बंद होते. अमेरिकेचेही दार बंद झाले होते. तेथील १९१७ च्या कायद्याने आशियाई स्थलांतरावर बंदी घातली आणि १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्यातील निकालाने हिंदी लोकांचा नागरिकत्वाचा हक्क नाकारला. या परिस्थितीत १९२४ साली खानखोजे मेक्सिकोत दाखल झाले.

चापिंगो येथील कार्य :

मेक्सिकोत त्या वेळी १९१० च्या क्रांतीनंतरचे जमीनवाटपाचे पर्व सुरू होते. जमीन मिळालेल्या शेतकऱ्याला ती कसण्याचे शास्त्रही मिळावे, ही त्या राज्याची गरज होती. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात खानखोजे यांना अध्यापनाचे काम मिळाले. मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी संशोधन केले. मका व त्याचा रानटी आप्त तेओसिंते यांच्या संकराचे प्रयोग त्यांनी केले आणि आपले निष्कर्ष स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध केले. सामान्य शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा सुरू केल्या. तीना मोदोत्ती या छायाचित्रकर्तीने त्यांच्या कार्याची छायाचित्रे टिपली. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या इमारतीत रंगविलेल्या 'आमची रोजची भाकर' या भित्तिचित्रात भाकर मोडून वाटणारी व्यक्ती खानखोजे यांची आहे, असे मानले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खानखोजे यांच्या ज्ञानास मेक्सिकोत जे मिळाले तेच वार्ष्णेय यांच्या ज्ञानास तळेगावी मिळाले होते. संस्था, विद्यार्थी, आणि त्या ज्ञानाची खरीखुरी गरज असलेला समाज, या तीन गोष्टी त्यांना तेथे लाभल्या. यांपैकी शेवटची गोष्ट विदर्भातही होती. पहिल्या दोन गोष्टी मात्र परकीय सत्तेच्या ताब्यात होत्या.

परतीचा प्रवास :

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारच्या निमंत्रणावरून खानखोजे भारतात आले. त्यांचे नाव ब्रिटिश आमदानीतील काळ्या यादीतून तेव्हाही निघालेले नव्हते आणि त्यामुळे विमानतळावर त्यांना अडविण्यात आले, ही हकिकत त्यांच्या चरित्रात नमूद आहे. सरकार बदलले होते, परंतु कागद बदलले नव्हते. पुढे १९५० च्या दशकात ते कायमचे परतले व नागपूरला स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

याच वर्षांत मेक्सिको व भारत यांच्यातील शेतीज्ञानाचा एक मोठा मार्ग खुला होत होता. १९४३ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाने मेक्सिकोच्या शेतीखात्यासह संशोधनकार्य सुरू केले होते. त्याच्या प्रयोगक्षेत्रांत चापिंगोचाही समावेश होता. नॉर्मन बोरलॉग १९४४ साली या कार्यात दाखल झाले. १९६३ साली ते भारतात आले आणि १९६६ साली भारताने मेक्सिकन गव्हाचे १८,००० टन बियाणे आयात केले. हरितक्रांतीचा तो पाया ठरला. खानखोजे यांचे मक्यावरील काम आणि बोरलॉग यांचे गव्हाचे वाण यांच्यात कार्यकारणसंबंध जोडणे अनैतिहासिक ठरेल. परंतु मेक्सिकोतील शेतीशी तीन दशके निगडित असलेला माणूस नागपुरात हयात असताना मेक्सिकोचे बियाणे भारतात आले, आणि ते सर्वस्वी दुसऱ्या वाटेने आले, ही वस्तुस्थिती विचार करावयास लावणारी आहे.

तुलनात्मक विवेचन :

ही दुसरी वाट कशी तयार झाली? डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी केंब्रिज येथे पदवी संपादन केली व अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात काम केले. तेथील नोकरी न स्वीकारता ते १९५४ साली परतले आणि त्याच वर्षी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. त्यांच्यामागे प्रयोगशाळा, सहकारी व विद्यार्थी होते. १९५८ पासून तेथे पदव्युत्तर शिक्षणाची व्यवस्था उभी राहिली. परदेशातील संशोधकांशी असलेला त्यांचा परिचय अशा रीतीने संस्थेचा परिचय बनला. त्याच १९५८ साली परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांना तात्पुरते काम देण्यासाठी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची 'सायंटिस्ट्स पूल' योजना सुरू झाली. परतणाऱ्यास दारातच जागा मिळावी लागते, याची ती कबुली होती.

दोघांतील फरक गुणवत्तेचा नव्हता. स्वामीनाथन परतले तेव्हा ते तिशीच्या आत होते, त्यांचा पासपोर्ट आणि त्यांचे संशोधन दोन्ही चालू होते. खानखोजे परतले ते उतारवयात, चार दशकांच्या हद्दपारीनंतर. त्यांचे लेखन स्पॅनिशमध्ये होते, त्यांचे विद्यार्थी मेक्सिकोत होते, आणि येथील शेतीशास्त्रज्ञांशी त्यांचा अखंड पत्रव्यवहार वसाहतकालीन परिस्थितीत शक्यच नव्हता. देशाने त्यांना देशभक्त म्हणून ओळखले. शास्त्रज्ञ म्हणून ओळखण्याची यंत्रणाच नव्हती.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. परदेशस्थांचे जाळे असणे म्हणजे ज्ञानाचे जाळे असणे नव्हे. गदर पक्षाचे जाळे दूरवर पसरलेले होते, परंतु दुसऱ्या टोकास शेतीज्ञान स्वीकारणारी स्वतंत्र संस्था नव्हती.

२. ज्ञानाच्या परतीसाठी माणसाची परत पुरेशी नाही. खानखोजे परतले, त्यांचे शास्त्र बहुतांशी मेक्सिकोतच राहिले. उलटपक्षी बोरलॉग यांचे वाण भारतात रुजले, कारण ते स्वीकारून पारखणारी व वाढविणारी संस्था येथे होती.

३. नागरिकत्व, पासपोर्ट व सरकारी याद्या यांचा ज्ञानाच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. एखाद्या यादीत राहून गेलेले नाव हे ज्ञानाच्या वाटेवरील अडथळा ठरू शकते.

२००३ पासून आपण प्रवासी भारतीय दिवस साजरा करीत आहोत. २०१७ साली परदेशस्थ संशोधकांना भारतीय संस्थांशी जोडणारी 'वज्र' योजना सुरू झाली आणि २०२० साली 'वैभव' शिखर संमेलन भरले. या उपक्रमांचे मूल्यमापन करताना किती नामवंत आले यापेक्षा, ते गेल्यानंतर येथील कोणत्या प्रयोगशाळेत कोणते काम चालू राहिले, असे विचारणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक सयुक्तिक ठरेल. तळेगावच्या भट्टीपाशी बसून काच फुंकावयास शिकलेल्या मुलांनी या प्रश्नाचे एक उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिले आहे. खानखोजे यांच्या नागपुरातील अखेरच्या वर्षांनी त्याचे दुसरे उत्तर दिले आहे. ही दोन्ही उत्तरे शेजारी ठेवूनच कुशल स्थलांतराचा आपला इतिहास लिहिला गेला पाहिजे.