दुकानातलं टेबल कुठे ठेवायचं?

मागच्या महिन्यात आमच्या गटांमध्ये एका टेबलावरून भांडण झालं. आठ बचत गटांनी मिळून तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडमागच्या गल्लीत, एक गाळा भाड्याने घेतलाय. दहा फूट रुंद, अठरा फूट खोल. पापड, कुरडया, शेवया, चटण्या, गोधड्या, सगळा माल आपलाच. गाळ्याची किल्ली मिळाली त्या दिवशी आम्ही पहिलं काम काय केलं? दारातच आडवं टेबल लावलं, त्यावर पैशांचा डबा ठेवला आणि माल मागच्या भिंतीला फळ्यांवर रचला. तीन महिने बाया यायच्या, टेबलापाशी थांबायच्या, आत डोकवायच्या आणि "येते परत" म्हणून निघून जायच्या.

एक जण म्हणाली, टेबल आत सरकवा, बायांना आत येऊ द्या. दुसरी म्हणाली, माल चोरीला गेला तर भरणार कोण? भरायचं म्हणजे गटाच्या बचतीतूनच. प्रश्न खोटा नव्हता.

वाद मिटेना, तेव्हा आम्ही रेडिओवाल्या चौघींनी ठरवलं की दुकानाची आतली मांडणी बदलत कशी आली, ते वाचून, विचारून तुमच्यापुढे ठेवायचं. या टेबलाचा इतिहास फार मोठा निघाला.

आधी आपल्या लहानपणचं वाण्याचं दुकान आठवा. रस्त्यापासून दोन हात उंच ओटा. त्यावर गादी, गादीवर वाणी, मांडीशी गल्ल्याची पेटी, समोर टांगलेली तागडी, मागे फळ्यांवर डबे आणि बरण्या. गिऱ्हाईक खाली रस्त्यावर. ही मांडणी साधी दिसते, पण तिच्यात पक्का हिशेब आहे. वाण्याचा हात जागेवरून न उठता सगळ्या मालापर्यंत पोचला पाहिजे, आणि गिऱ्हाइकाचा हात कुठेच पोचता कामा नये. ज्वारी बघायची तर वाणी चार दाणे तळहातावर देणार, ते दाताखाली फोडून बघायचे. तेवढाच काय तो मालाला स्पर्श. भाव कुठे लिहिलेला नसे. तो माणूस बघून सांगितला जाई.

कापडाच्या दुकानात जरा मान होता. चपला बाहेर काढून पांढऱ्या चादरीच्या गादीवर बसायचं, पाणी यायचं, लुगड्यांच्या घड्या उलगडल्या जायच्या. पण वीस घड्या उलगडायला लावून न घेता उठणं किती अवघड, हे आपल्याला ठाऊक आहे. बसायला जागा देणं हासुद्धा विक्रीचाच भाग होता.

आणि ओट्याची उंची सगळ्यांना सारखी नव्हती. आमच्या चौघींतल्या दोघींच्या आज्यांना ओट्याला शिवताही येत नव्हतं. पैसे लांब ठेवायचे, वाणी त्यावर पाणी शिंपडून उचलणार, आणि मीठ-तेल वरून पदरात नाहीतर भांड्यात सोडणार. सांडलं तर आपलं नशीब. म्हणून आम्ही म्हणतो, दुकानात कोण कुठवर येऊ शकतं हे ठरवणारी वस्तू म्हणजे हा ओटा, हे टेबल.

आता जरा लांब जाऊ, कारण हा ओटा मोडण्याचा एक मोठा प्रयोग फ्रान्समध्ये पॅरिस शहरात झाला. तिथे ल बॉन मार्शे नावाचं दुकान होतं. १८५२ साली आरिस्तिद बुसिको नावाचा माणूस त्यात भागीदार झाला. त्या काळी तिकडेही दुकानात शिरलं की काहीतरी घ्यावंच लागे, आणि घासाघीस चाले. बुसिकोने प्रत्येक वस्तूला भावाची चिठ्ठी लावली, नुसतं बघायला येण्याची मोकळीक दिली, न आवडलेला माल परत घेतला. १८६९ पासून त्याने नवी मोठी इमारत बांधायला घेतली. तिच्यात जाड भिंतींऐवजी लोखंडी खांब आणि वर काचेचं छत होतं. त्यामुळे आत प्रशस्त मोकळी जागा झाली आणि कापडाचा रंग दिवसाच्या उजेडात दिसू लागला. लोखंडाच्या कामात गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीचाही हात होता, तोच पुढे पॅरिसचा उंच मनोरा उभारणारा.

बुसिकोची बायको मार्गरित खेड्यातल्या गरीब घरची. लहानपणी बदकं-हंस राखायची असं सांगतात. नवरा १८७७ मध्ये गेला, मग एकुलता एक मुलगा गेला. पुढची वर्षं एवढ्या मोठ्या दुकानाचा कारभार तिने पाहिला आणि नोकरांसाठी पेन्शनचा निधी काढला. तिच्यावर एखादा स्वतंत्र कार्यक्रम करायचं आम्ही केव्हापासून म्हणतोय.

पण या मोकळिकीला दुसरी बाजू होती. एमिल झोला या फ्रेंच लेखकाने अशा दुकानांत जाऊन टिपणं काढली आणि १८८३ साली त्यावर कादंबरी लिहिली. तिच्यातला मालक स्वस्त माल मुद्दाम दारात ठेवतो, म्हणजे दारात गर्दी होते आणि गर्दी बघून आणखी गर्दी येते. शेजारी शेजारी असायला हवेत असे विभाग तो लांब लांब टाकतो, म्हणजे सुई घेऊन कापडाकडे जाणाऱ्या बाईला अख्खं दुकान ओलांडावं लागतं. बाईच्या पायांना वाट मोकळी झाली, पण वाट कुठून न्यायची हे मालकानेच ठरवलं.

लंडनमध्ये १९०९ साली सेल्फ्रिज हे दुकान उघडलं. त्यात वाचनाची खोली होती, विसाव्याची खोली होती, आणि बायकांसाठी शौचालय देणाऱ्या तिथल्या पहिल्या काही दुकानांत त्याचं नाव घेतात. बाई एकटी घराबाहेर पडून दिवसभर बाजारात राहू शकेल, याचा विचार कुणीतरी केला होता. धंद्यासाठीच केला, पण केला. आपल्या तालुक्याच्या बाजारात आजही सकाळी निघताना आपण पाणी पीत नाही, ते का, हे वेगळं सांगायला नको.

ही झाली कापडचोपडाची मोठी दुकानं. किराण्याचा ओटा मात्र तसाच राहिला. अमेरिकेतही बाई यादी घेऊन यायची, काउंटरमागचा नोकर एकेक जिन्नस काढून, तोलून, बांधून द्यायचा. १९१६ साली टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स या माणसाने पिगली विगली अशा गमतीच्या नावाचं दुकान काढलं आणि काउंटरच उचलून बाजूला केला. आत शिरायला एक फिरतं फाटक. शिरताना हातात टोपली. मग नागमोडी वाट, दोन्ही बाजूंना उघडी मांडणी, प्रत्येक जिनसावर भाव. वाट एकच, त्यामुळे नुसतं मीठ घ्यायला आलेलीलाही सगळ्या मालासमोरून जावं लागे. वाटेच्या शेवटी पैसे घेणारा बसलेला. पैसे चुकवल्याशिवाय बाहेर पडायला रस्ताच नाही. आमच्या गटातल्या चोरीच्या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं ते हे. माल उघडा, पण वाट बंद. या मांडणीचं त्याला १९१७ साली पेटंटही मिळालं. म्हणजे यंत्राचा शोध लावावा तसा दुकानातल्या वाटेचा शोध!

थोड्या वर्षांत त्या नावाची हजारावर दुकानं झाली. साँडर्स मात्र शेअर बाजाराच्या खेळात अडकला आणि १९२३ मध्ये कंपनी त्याच्या हातून गेली. त्याने बांधायला घेतलेल्या गुलाबी संगमरवरी वाड्यात त्याला राहायलाही मिळालं नाही. तिथे आता संग्रहालय आहे, आणि त्यात त्या पहिल्या दुकानाची नक्कल उभी केलेली आहे.

मेम्फिस हे अमेरिकेच्या दक्षिण भागातलं शहर. तिथे काळ्या लोकांना तेव्हा पावलोपावली वेगळं वागवलं जाई. काउंटरच्या दुकानात गोरं गिऱ्हाईक आलं की काळ्या बाईला थांबवून ठेवायचे. कित्येक कपड्यांच्या दुकानांत तिला टोपी डोक्यावर घालून बघायची बंदी होती, एकदा घातली की ती गोऱ्यांना चालत नसे. हे वाचताना आम्हाला आज्यांचं पदरात झेललेलं मीठ आठवलं. उघड्या फळीवरचा डबा मात्र कुणाचाही हात लागला तरी तोच असतो आणि त्यावरचा आकडा माणूस बघून बदलत नाही. साँडर्सने हे समतेसाठी केलं नव्हतं, त्याला नोकरांचा पगार वाचवायचा होता. पण काउंटर हटला की भेदभाव करायची एक जागा कमी होते, एवढं खरं.

जे गेलं तेही सांगायला हवं. काढायचं, उचलायचं, वाहायचं काम नोकराकडून बाईकडे आलं, तेही बिनपगारी. उधारी संपली, सगळा रोखीचा व्यवहार. आपल्या वाण्याची वही अडीअडचणीला चालायची, कधी त्याच वहीने गळाही आवळायचा, पण चालायची.

टोपली जड झाली की बाई खरेदी थांबवते, हे ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं. १९३७ साली त्याने घडीच्या खुर्चीवरून सुचून चाकांची गाडी केली. लोक ती घेईनात. तो सांगत असे की बाया म्हणायच्या, पोरांच्या बाबागाड्या ढकलून हात दमलेत, आता ही कशाला? आणि पुरुषांना वाटे, टोपली उचलण्याइतकी ताकद आपल्यात नाही की काय! शेवटी त्याने पगार देऊन माणसं ठेवली, गिऱ्हाईक असल्यासारखं दुकानात गाडी ढकलत फिरायला. मग बाकीच्यांनी घेतली.

उघड्या फळ्या आल्या तसं फळीच्या उंचीला मोल आलं. डोळ्यांसमोरचा माल आधी हाती येतो, पायाशी असलेला वाकून कोण घेणार? मोठ्या दुकानांत समोरच्या जागेसाठी कंपन्या पैसे मोजतात. हे आम्हाला ठाऊक नव्हतं तेव्हा जिल्ह्याच्या गावातल्या एका मोठ्या दुकानाने आमची शेंगदाण्याची चटणी ठेवून घेतली होती. केवढा आनंद! दोन महिन्यांनी गेलो तर बाटल्या सगळ्यात खालच्या फळीवर, फरशी पुसायच्या औषधाशेजारी, धूळ खात. तारीख उलटली म्हणून सगळा माल परत मिळाला. आम्ही समजत होतो, आपल्याच चटणीत काहीतरी कमी आहे.

आपल्याकडे मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेल्या ग्राहक सहकारी संस्थेने १९६८ मध्ये अपना बाजार काढून सगळ्या गरजेच्या वस्तू एका छताखाली आणल्या. नंतर २००१ साली किशोर बियाणी यांचं बिग बझार आलं. त्यांचं निरीक्षण आम्हाला फार पटलं. रुंद, चकचकीत वाटांच्या दुकानात लोक न थांबता सरळ पुढे जाऊन बाहेर पडायचे. म्हणून त्यांनी मुद्दाम वाटा अरुंद आणि वाकड्या केल्या, गर्दी-गोंगाट राहू दिला, आणि गहू-तांदूळ उघडे ठेवले, कारण आपल्या बाईला धान्य हातात घेतल्याशिवाय भरवसा वाटत नाही. कर्जापायी २०२२ च्या सुमाराला ती दुकानंही बंद पडली. साँडर्ससारखंच झालं. मांडणी कळणाऱ्यांना पैसा सांभाळता येतोच असं नाही, आमच्या खजिनदार बाईंनी हे वाक्य दोनदा वाचायला लावलं.

पण अरुंद वाटेलाही मर्यादा आहे. पॅको अंडरहिल हे अमेरिकेत दुकानांतल्या गिऱ्हाइकांचं निरीक्षण करतात. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात दाराजवळच्या टायच्या मांडणीपाशी बाया थांबत, मागून येणाऱ्या-जाणाऱ्याचा एक-दोनदा धक्का लागला की न घेताच निघून जात. हे ऐकल्यावर बैठकीत एकदम शांतता झाली. आमचं टेबल दारात, आणि गिऱ्हाईक उभं राहणार गल्लीत, मागून मोटारसायकली आणि स्टँडवरचे रिकामटेकडे. बाया चटणीला नव्हे, त्या उभं राहण्याच्या जागेला कंटाळून जात होत्या.

तर आता टेबल आत गेलंय, डाव्या भिंतीला, दार दिसेल असं. फाटक नाही, पण येणारी-जाणारी टेबलावरूनच जाते. चटण्या छातीच्या उंचीवर, प्रत्येकीवर भाव लिहिलेला. कुरडया उघड्या टोपलीत, हातात घेऊन बघता येतील अशा. गोधड्या तळाला आहेत, पण एक उलगडून बाकावर टाकलीय. बाकावर कुणीही बसावं, काही न घेता उठलं तरी चालतं, शेजारी पाण्याचा माठ आहे. पहिल्या महिन्यात शेवयांची दोन पाकिटं आणि चटणीची एक बाटली नाहीशी झाली. ती वहीत वेगळ्या रकान्यात मांडलीय आणि आठ गटांत वाटून भरलीय. टेबलाच्या बाजूने भांडणारी आमची मैत्रीण दर आठवड्याला तो रकाना उघडून बघते. बघू दे, तिचं बरोबर आहे. सध्या वाद चाललाय तो आरशाचा, गोधडीच्या दुकानात आरसा कशाला म्हणून.