त्रैराशिकाची साक्ष

भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या 'लीलावती'त त्रैराशिकाचीं तीन पदें सांगितलीं आहेत: प्रमाण, फल व इच्छा. फलास इच्छेनें गुणून प्रमाणानें भागिलें कीं उत्तर येतें. परंतु इच्छा वाढतां फल घटत असेल, तर रीत उलटते. तें व्यस्त त्रैराशिक. त्याचें एक उदाहरण असें: १६ वर्षांच्या स्त्रीची किंमत ३२ निष्क, तर २० वर्षांच्या स्त्रीची किती? ३२ ला १६ नीं गुणून २० नीं भागावें. उत्तर २५ पूर्णांक ३/५ निष्क. गणित बिनचूक आहे. पण माणसाचा विक्रय होत असे, ह्याची साक्षही त्यांतच आहे. इतिहाससंशोधक ताम्रपट शोधतात. आम्हांस वाटतें, त्यांनीं गणिताचीं उदाहरणेंही वाचावीं. समाजाच्या जें अंगवळणीं पडलेलें असतें, तेंच उदाहरणांत सहज येतें.