रेडॉन आणि भूकंपाची पूर्वसूचना : ताश्कंद ते लाक्विला

26 एप्रिल 1966 रोजी पहाटे ताश्कंद शहराच्या थेट पोटाखाली भूकंप झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत लालबहादूर शास्त्री यांचे निधन जेथे झाले, तीच ही नगरी. भूकंपाचे परिमाण 5 हून किंचितच अधिक होते. परंतु नाभी उथळ असल्यामुळे सुमारे 3 लक्ष लोक निराश्रित झाले. भूकंपविज्ञानाच्या इतिहासात मात्र हा भूकंप स्मरणात राहिला तो तेथील खोल विहिरींच्या पाण्यामुळे. या औषधी पाण्यातील रेडॉनचे मापन भूकंपाच्या आधीपासूनच होत असे. उलोमोव्ह आणि मावाशेव्ह यांनी 1967 साली दाखवून दिले की, रेडॉनचे प्रमाण आधीची काही वर्षे चढत जाऊन सुमारे तिप्पट झाले होते व भूकंपानंतर ते उतरले.

या आलेखाला पुढे 'पूर्वसूचना' ही संज्ञा मिळाली. तथापि ज्या दिवसांत त्या नोंदी घेतल्या जात होत्या, त्या दिवसांत त्या कोणालाच काही सुचवीत नव्हत्या. संज्ञेतील 'पूर्व' हे पद उत्तरकालीन आहे, आणि या संशोधनशाखेची सारी अडचण त्या एका पदात साठलेली आहे.

उपपत्ती तशी सरळ आहे. खडकांतील युरेनियमपासून रेडियम व रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू निर्माण होतो. त्याचा अर्धायुकाल अवघा 3.8 दिवसांचा; म्हणून खोलवरचा वायू भूपृष्ठापर्यंत शिल्लक राहावयाचा, तर त्यास भेगांची वाट हवी. भ्रंशरेषेवरील मातीत रेडॉन अनेकदा अधिक आढळतो तो यामुळेच. मातीने झाकलेला भ्रंश हुडकण्यास हे मापन खरोखर उपयोगी पडते. स्थळाविषयी रेडॉन असे काही सांगतो. काळाविषयी त्याची साक्ष डळमळीत आहे. कॅलिफोर्नियातील सान आंद्रेआस भ्रंशावर 1970 नंतरच्या दशकात मातीतील रेडॉनची दीर्घकाळ मोजणी झाली. तेथेही काही भूकंपांच्या सुमारास चढ दिसले. परंतु पाऊस, मातीची ओल व हवेचा दाब यांनीही तसेच चढउतार होतात.

17 जानेवारी 1995 च्या कोबे भूकंपापूर्वी जवळच्या एका विहिरीच्या पाण्यात रेडॉन वाढत गेला होता, आणि भूकंपाच्या 9 दिवस आधी तो नेहमीच्या सुमारे दहापट झाला. हेही जगाला कळले ते भूकंपानंतरच.

भूकंपाआधी बोलण्याचे धाडस इटलीत जाम्पाओलो जुलियानी या तंत्रज्ञाने केले. मार्च 2009 मध्ये रेडॉनच्या आधारे दिलेल्या त्याच्या इशाऱ्याने सुल्मोना गावात घबराट उडाली, व लोकांत भय पसरविल्याचा ठपका त्याजवर आला. भूकंप झाला तो 6 एप्रिल रोजी, आणि सुल्मोनात नव्हे, तर कित्येक मैल दूर लाक्विला येथे. त्यात 300 हून अधिक माणसे दगावली. जुलियानी बरोबर होता असे वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. पण सुल्मोनाच्या लोकांनी त्याचे ऐकून घरे सोडली असती, तरी लाक्विलातील एकही घर रिकामे झाले नसते. या घटनेनंतर इटालियन शासनाने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2011 च्या अहवालात रेडॉनसह सर्व प्रस्तावित पूर्वसूचनांची छाननी केली. भूकंप नेमका कोठे, केव्हा व केवढा होईल हे खात्रीने सांगू शकेल अशी एकही खूण त्यास आढळली नाही.