न्यायासाठी बुडालेला दिवस

चिकपेट म्हणजे कानडीत धाकटी पेठ. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेल्या बंगळूरच्या जुन्या पेठांपैकी ही एक. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि मराठी भाषेचा या पेठांशी संबंध जडला. येथील दुकानदाराचे जीवन एका साध्या नियमाने चालते. दुकान उघडले तर कमाई, न उघडले तर नाही. अशा माणसास न्यायालयाचे बोलावणे आले, तर त्याच्या बुडालेल्या दिवसाची किंमत कोणी द्यावी? प्रश्न लहान दिसतो. त्याचा इतिहास मात्र मोठा आहे.

प्राचीन अथेन्समध्ये पेरिक्लीझने न्यायसभेत बसणाऱ्या नागरिकांना रोज दोन ओबोल देण्याची प्रथा पाडली. पुढे क्लिऑनने ते तीन केले. मोबदल्यावाचून गरीब मनुष्य न्यायासनावर बसूच शकणार नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते. आपल्याकडे गोतसभा आणि पंचायत होती. १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टनने दक्षिणेतील पंचायतीच्या गुणांबरोबरच तिच्या दिरंगाईचीही नोंद केली. आपापला धंदा सोडून आलेल्या पंचांना एकत्र बसविणे कोणत्याही काळी सोपे नव्हते.

इंग्रजी पद्धतीची ज्यूरी मुंबईत आली, तेव्हा तिच्यात बसण्याचा हक्क हाच वादाचा विषय झाला. १८२६ च्या कायद्याने हिंदी लोकांना ज्यूरीत प्रवेश मिळाला, परंतु ख्रिस्ती आरोपीचा न्याय त्यांनी करावयाचा नाही, अशी अट होती. १८३२ च्या कायद्याने ती दूर झाली. मानासाठी झगडणाऱ्या त्या पिढीने मोबदल्याचा विचार मागे ठेवला असल्यास नवल नाही.

या मानाचे मोल लोकमान्यांच्या खटल्यांनी दाखविले. १८९७ मध्ये नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तर तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष. १९०८ चा खटला १३ जुलैपासून २२ जुलैच्या रात्रीपर्यंत चालला आणि सातास दोन अशा मताने लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. इतिहासाने ती मते लिहून ठेवली. मत देणाऱ्यांच्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब ठेवण्याची गरज कोणास वाटली नाही.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार सेशन्स न्यायालयात एकवीस ते साठ वर्षांचा कोणताही पुरुष ज्यूरीच्या सेवेस पात्र होता. वकील, धंदा करणारे डॉक्टर, पोलीस व टपाल खात्याचे नोकर यांना सूट होती. शिंप्यास किंवा कापडाच्या व्यापाऱ्यास ती नव्हती. सबळ कारणावाचून गैरहजर राहिल्यास शंभर रुपयांपर्यंत दंड होई. उलट, कलम ५४४ मध्ये वाजवी खर्च देण्याची जी तरतूद होती, ती फिर्यादी आणि साक्षीदार यांच्यापुरतीच. ज्यूररच्या बुडालेल्या कमाईचा तिच्यात उल्लेख नव्हता. आम्हां सरकारी नोकरांचे तसे नव्हते. ज्यूरीचे बोलावणे आल्यास विशेष नैमित्तिक रजा मिळण्याची सोय नियमांत होती. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाचा पगार चालू राही आणि दुसऱ्याचा गल्ला रिकामा जाई.

इंग्लंडने ही विषमता १९४९ च्या कायद्याने कमी केली. तेथे स्वतंत्र धंदा करणाऱ्या ज्यूररास प्राप्तिकराचे कागद दाखवून नुकसान सिद्ध करावे लागते. भरपाईस दैनिक कमाल मर्यादा असते आणि सेवेनंतर बारा महिन्यांच्या आत मागणी करावी लागते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत २०१८ पासून ज्यूररास दिवसाला पन्नास डॉलर मिळू लागले. कमाई किती बुडाली, हे तेथे पाहिले जात नाही. आपल्यातील ज्यांची मुले त्या देशांचे नागरिक झाली आहेत, त्यांनी ही माहिती त्यांना अवश्य कळवावी.

आपल्या देशात १९५८ मध्ये विधी आयोगाने ज्यूरी रद्द करण्याची शिफारस केली. पुढच्याच वर्षी नानावटी खटल्यात आठ विरुद्ध एक असा ‘निर्दोष’ निर्णय आला. तो न्यायाधीशांस मान्य झाला नाही, उच्च न्यायालयाने आरोपीस दोषी ठरविले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. पारशी विवाह न्यायालयातील प्रतिनिधींच्या रूपाने तिची एक खूण मात्र राहिली.

ज्यूरी गेली, तरी दुकानदाराचा प्रश्न गेला नाही; तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे. आमच्या परिचयाचे एक शिंपीकाम करणारे गृहस्थ एका खटल्यात साक्षीस तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा पुढील तारीख घेऊन परतले. ऐन लग्नसराई होती. खर्च मागता येतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही. शेजारी बसून आम्हीही सांगितले नाही, कारण तेव्हा आम्हांसही ते ठाऊक नव्हते. ही चुटपुट या लेखाच्या मुळाशी आहे.

म्हणून जाता जाता सांगावेसे वाटते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५० खाली फौजदारी न्यायालय, राज्याच्या नियमांस अधीन राहून, साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारकडून देण्याचा आदेश करू शकते. दिवाणी दाव्यात साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षाला त्याच्या प्रवासाची व एका दिवसाच्या हजेरीची रक्कम आधी न्यायालयात भरावी लागते. यातून बुडालेला सारा धंदा भरून निघेल असे नाही. तरीही मागणी करावी, त्याच दिवशी करावी आणि त्यात संकोच मानू नये. साक्ष देणे हे कर्तव्यच आहे. परंतु ते करताना ज्याची चूल अडते, त्याच्या दिवसालाही किंमत आहे, हे न्यायालयास सांगणे कर्तव्याच्या आड येत नाही.